स्वमग्नता: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

मी एका स्वमग्न मुलाची आई आहे आणि त्याच्यामुळेच पुढे शिकून विशेष शिक्षिका झाले. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या आईबाबांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "हा बोलेल कधी?" बाकीचे प्रश्न हळूहळू निघतात, काही तर उठून दाराशी गेल्यावर. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. हे वाचून घरच्या घरी निदान करू नका. पण वाचून शंका आली, तर ती मनात घोळवत सहा महिने बसूही नका.

स्वमग्नता म्हणजे नेमकं काय?

मेंदूची जडणघडण वेगळ्या तऱ्हेने होणं. मूल जन्मतःच असं असतं, आपल्या लक्षात मात्र दीड-दोन वर्षांनी येतं. निदानासाठी दोन गोष्टी बघतात. एक, माणसांशी देवाणघेवाण, म्हणजे नजर, हावभाव, बोलणं, खेळणं. दुसरी, तोचतोपणा आणि संवेदना: एकच खेळ तासन्‌तास, ठरलेलं काही बदललं की आकांत, आणि आवाज, स्पर्श, वास एक तर फार जाणवणं किंवा जाणवतच नाही असं वाटणं.

आपला मराठी शब्द मला कधीच पटलेला नाही. 'ऑटिझम' हा शब्द ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. आपण त्याचं शब्दशः भाषांतर केलं. 'स्वमग्न' म्हटलं की वाटतं, मूल स्वतःतच रमलंय, त्याला कुणी नकोय. माझ्या मुलाला माणसं हवी असतात. जवळ कसं जायचं, हे त्याला इतरांसारखं आपोआप उमगत नाही, एवढंच. तरीही शब्द रुळलाय, म्हणून मीही वापरते.

१९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी. त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी अशा मुलांबद्दल लिहून ठेवलं होतं, पण त्यांचं नाव फार उशिरा पुढे आलं.

मग 'आस्पर्गर' आणि 'पीडीडी' हे वेगळे आजार का?

जुन्या फायलींमध्ये ही नावं दिसतात ('पीडीडी' म्हणजे 'पर्वेझिव्ह डेव्हलपमेंटल डिसऑर्डर'). २०१३ पासून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ती सगळी 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एकाच नावाखाली आली. स्पेक्ट्रम म्हणजे कमी-जास्तीची सरळ पट्टी समजू नका. एखादं मूल घडाघडा बोलेल पण मिक्सर लावला की घर डोक्यावर घेईल. दुसरं एक शब्द बोलणार नाही, पण आजीच्या पायरवावरून आजी आली हे ओळखेल.

कोणत्या वयात काय दिसलं तर सावध व्हायचं?

वर्षाचं मूल नावाने हाक मारली की वळून बघतं. साधारण सव्वा-दीड वर्षाचं झालं की बोट दाखवतं, आणि इथे जरा थांबून बघा, कारण बोट दोन प्रकारचं असतं. 'ते दे' म्हणून दाखवलेलं एक. 'ते बघ!' म्हणून दाखवलेलं दुसरं.

आपल्याकडे प्रत्येक घरात गच्चीवर किंवा खिडकीत नेऊन 'तो बघ चांदोमामा' म्हणतात. दीड वर्षाचं बहुतेक बाळ आधी तुमच्या बोटाकडे, मग बोटाच्या रोखाने वर आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतं: तुलाही दिसला ना? ते 'तुलाही दिसला ना' नसेल, तर ती माझ्या दृष्टीने न बोलण्यापेक्षा मोठी खूण आहे. शब्द उशिरा येऊ शकतात. पण आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला दाखवायची ओढ शब्दांच्या आधी यायला हवी.

याखेरीज: सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'बाबा आले', 'दुदू दे' असे दोन शब्दांचे जोड नाहीत. हवं ते मागण्याऐवजी तुमचा हात धरून, जणू तो हात म्हणजे एखादा चमचा आहे अशा थाटात, फ्रिजच्या मुठीवर नेऊन ठेवणं. गाडीशी खेळण्याऐवजी ती उलटी करून चाक फिरवत बसणं. आणि कोणत्याही वयात आलेले शब्द किंवा हसणं हरवणं. हे शेवटचं दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

यातली एखादी गोष्ट असली म्हणजे मूल स्वमग्न, असं नाही. पुष्कळ मुलं टाचा उचलून चालतात, पुष्कळांना पंखा बघायला आवडतो.

आमच्याकडे सगळे उशिराच बोलले. याचे बाबा तर चौथ्या वर्षी. थांबू का?

नको. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तारखा विचारते. सासूबाई म्हणतात चौथं वर्ष, आत्या म्हणतात अडीच. आणि समजा खरंच चौथ्या वर्षी बोलले असतील, तरी ते बोट दाखवत होते का, हाकेला ओ देत होते का, हे कुणालाच आठवत नसतं.

थांबून काही मिळत नाही आणि तपासून काही बिघडत नाही. आमच्या वेळी एका मोठ्या दवाखान्यात "मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांचा झाला की या" असं सांगून आम्हाला परत पाठवलं होतं. आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश होऊन घरी आलो. ते वर्ष मला अजून टोचतं.

निदान कसं करतात? रक्ताची तपासणी, एमआरआय?

स्वमग्नता रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. डॉक्टर त्या तपासण्या सांगतात तेव्हा त्यांना दुसरं काही शोधायचं असतं, म्हणजे फिट्स, जनुकीय दोष, थायरॉइड. सगळ्यात आधी ऐकू येतं का हे बघतात. बेरा चाचणीसाठी मूल झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवायला सांगतात. त्या दिवशी रिक्षात त्याला जागं ठेवणं हीच खरी परीक्षा.

निदान होतं ते मुलाला बघून, त्याच्याशी खेळून आणि तुम्हाला खूप प्रश्न विचारून. आपल्याकडे 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असं धरतात, त्यावर सौम्य, मध्यम, तीव्र. दिव्यांगत्वाचा दाखला याच मोजपट्टीवर मिळतो. पाच मिनिटांत, मुलाकडे मान वर करून न बघता कुणी निदान केलं, तर दुसरं मत जरूर घ्या.

कुणाकडे जायचं? आम्ही तालुक्याच्या गावाला राहतो.

शहरात विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. गावाकडे वाट अंगणवाडीतून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुलं तपासायला येतं. शंका असेल तर ते जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या सरकारी केंद्राकडे, पाठवतात. हे केंद्र जिल्हा रुग्णालयात असतं आणि तिथे पैसे पडत नाहीत. पथक येण्याची वाट बघायचीही गरज नाही, थेट गेलात तरी चालतं.

हे कशामुळे झालं? माझी नोकरी, मोबाईल, लस?

नोकरीमुळे नाही. एकेकाळी तज्ज्ञ म्हणवणारे लोकच सांगत होते की फ्रिजसारख्या थंड आयांमुळे मुलं अशी होतात. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, तो सिद्धान्त मोडून काढला. आपल्याकडे मात्र जावा-नणंदांच्या तोंडी तो अजून जिवंत आहे, फक्त फ्रिजच्या जागी ऑफिस आलंय.

लसीमुळेही नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या बारा मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीकडे बोट दाखवलं. २०१० मध्ये तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही संबंध सापडला नाही. गोंधळ होतो तो वयामुळे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत देतात आणि लक्षणंही नेमकी तेव्हाच डोळ्यांत भरतात.

खरा मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे, आणि तोही एखाद्या जनुकाचा नाही, शेकडो जनुकांचा. आईबाबांचं जास्त वय, फार लवकर झालेली प्रसूती, गरोदरपणी घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध यांनी शक्यता वाढते. (हे औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

राहिला मोबाईल. 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीनमुळे झालेली स्वमग्नता, असं निदान कुठल्याही निदानपुस्तिकेत नाही. पण दिवसाचे चार तास मोबाईल बघणाऱ्या मुलाचे चार तास माणसांशी बोलण्याचे जातात, हेही खरंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास. मोबाईल काढून घेतल्यावर काही मुलं बोलायला लागतात. ज्यांच्यात फरक पडत नाही त्यांच्या आईने अपराधी वाटून घेऊ नये.

हे आजकालच वाढलंय का?

ओळखणं वाढलंय. २०१८ मध्ये एक भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षांची मुलं, पाच ठिकाणं, त्यात एक उत्तर गोवा. शंभरातल्या साधारण एका मुलात स्वमग्नता आढळली, आणि आठातल्या जवळपास एका मुलात विकासाशी निगडित काही ना काही अडचण. आपल्या लहानपणीही ही मुलं होती. गल्लीत 'तो जरा तसलाच आहे' म्हटलं जायचं आणि विषय संपायचा.

एडीएचडी, गतिमंद, लर्निंग डिसॅबिलिटी... आमच्या मुलाला यातलं नक्की काय?

कधीकधी दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, अंगात भिंगरी आणि वाट बघणं जमत नाही. असं मूल मैत्री करायला धावतं, पण खेळाच्या मध्येच सोडून जातं. स्वमग्न मुलाला मुळात खेळात शिरायचं कसं हेच कळत नाही. २०१३ पर्यंत अमेरिकन पुस्तिकेच्या नियमाने ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देता येत नव्हती. आता देता येतात, आणि पुष्कळ मुलांना दोन्ही असतात.

बौद्धिक अक्षमता (कागदोपत्री जुना शब्द 'मतिमंद', तो आता सोडून द्यावा) म्हणजे समजणं आणि रोजची कामं वयाच्या मानाने मागे असणं. पाच वर्षांखाली ते नक्की मोजता येत नाही, म्हणून तोवर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' लिहितात. अध्ययन अक्षमता शाळेत गेल्यावर कळते: हुशार मूल, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं. निव्वळ भाषा उशिरा येणारी मुलंही असतात. ती खाणाखुणा करून, नजरेने, रुसून-हसून सगळं सांगतात.

मुलगी आहे. मुलींना होत नाही म्हणतात ना?

होतं. निदान मुलग्यांमध्ये तीन-चार पट जास्त होतं, पण त्यात मुली नजरेतून सुटण्याचाही भाग आहे. 'शांत आहे, लाजरी आहे' म्हणून कौतुकच होतं. मैत्रिणींचं बघून हसायचं, बघून बोलायचं, आणि घरी आल्यावर दप्तर टाकून तासभर रडायचं, अशा मुली मी बघितल्यात.

घरात मराठी बोलायचं की इंग्रजी? आम्हाला एकच भाषा ठेवायला सांगितलंय.

या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांची भाषा आणखी मागे पडते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि शाळा इंग्रजी म्हणून घरात 'कम हिअर, सिट डाऊन' सुरू झालं की काय होतं, तर आजी गप्प बसते. जिला गोष्टी सांगता येतात, लाड करता येतात, अशा घरातल्या एकमेव रिकाम्या माणसाचं तोंड बंद होतं. मुलाच्या वाट्याला उरतात पंधरा-वीस आज्ञा. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांनाही हेच सांगते. तुम्हाला ज्या भाषेत रागावता, लाडावता येतं ती बोला.

ऐकलेलंच परत म्हणतो. "तुला पाणी हवं?" विचारलं की "तुला पाणी हवं" म्हणतो.

ते निरर्थक नसतं. पाणी मिळतं तेव्हा हे शब्द ऐकू येतात, म्हणून ते शब्द म्हणजे पाणी. त्याला प्रश्न विचारू नका. त्याने जे म्हणायला हवं तेच त्याच्या वतीने म्हणा, "मला पाणी हवं", आणि पेला द्या. दिवसातून वीसदा. 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल यायला वेळ लागतो, कारण ते शब्द बोलणाऱ्यागणिक बदलतात. विचार केला तर आहेच की ते चमत्कारिक.

ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) लावली, स्पीच थेरपी लावली. आणखी काय लावू?

कदाचित काहीच नाही. आठवड्याला पाच ठिकाणी रिक्षाने फिरवलेलं मूल आणि दमलेली आई यांच्यात संवादाला वेळ कुठे उरतो? थेरपिस्टच्या पाऊण तासात काय चाललं ते तुम्हाला कळत नसेल, दार बंद ठेवत असतील, तर विचारा. घरी काय करायचं ते सांगणारा थेरपिस्ट चांगला.

गोव्यातल्या संगथ संस्थेने रावळपिंडीतल्या संशोधकांबरोबर ६५ मुलांवर एक प्रयोग केला होता. आईबाबा आणि मूल खेळताना व्हिडिओ काढायचा, मग तो आईबाबांबरोबर बसून बघायचा: इथे त्याने तुझ्याकडे पाहिलं, इथे तू घाई केलीस. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. तरीही आईबाबा मुलाच्या कलाने घ्यायला शिकले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं.

घरी करायची एकच गोष्ट सांगायची तर थांबायला शिका. झोका द्यायचा, "एक... दोन..." आणि तोंड मिटायचं. झोका हातात धरलेला. मनात दहापर्यंत मोजा. आमच्या घरी पहिले नऊ दिवस काहीच झालं नाही. दहाव्या दिवशी त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. शब्द नाही, नुसतं बघितलं, आणि मी झोका सोडला. काऊचा घास, चिऊचा घास करतानाही तिसऱ्या घासाला हात हवेतच थांबवा. आपण आया फार पटकन भरवतो. मागायची वेळच येऊ देत नाही.

चित्रं दाखवून मागायला शिकवलं तर बोलायचा कंटाळा नाही का करणार?

उलट होतं. चित्रांनी किंवा ॲपने संवाद सुरू केलेल्या मुलांचं बोलणं त्यामुळे थांबत नाही, काहींचं वाढतंही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं ॲप मराठीतही आहे. ॲप नको असेल तर पाणी, भूर, शी, नको, अशा चार फोटोंपासून सुरुवात करा. 'नको'चं चित्र आधी द्या. नको म्हणता आलं की चावणं कमी होतं, हे मी शाळेत वारंवार बघते.

चारचौघांत जमिनीवर लोळतो. लोक म्हणतात शेंडेफळ, शेफारलंय.

हट्ट करणारं मूल मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, कुणाचं लक्ष आहे का. हवं ते दिलं की थांबतं. स्वमग्न मुलाचा उद्रेक वेगळा. तो कुणासाठी नसतो आणि चॉकलेट दिलं तरी थांबत नाही. लग्नाच्या हॉलमधला बँड, गणपतीतले ढोल, कुकरची शिट्टी, यांतलं काहीतरी त्याच्या डोक्यात मावत नाहीसं झालेलं असतं. त्या वेळी समजावू नका, मारू तर नकाच. बाहेर, शांत जागी न्या आणि बोलणं कमी करा.

कुकरवर आम्ही तोडगा काढला. शिट्टी होण्याआधी मी सांगते, "आता शिट्टी", आणि तो कान झाकून उभा राहतो. आता तिसऱ्या शिट्टीनंतर गॅस तोच बंद करतो.

बरा होईल का? औषध, स्टेम सेल, गहू-दूध बंद?

स्वमग्नता हा ताप नव्हे, उतरायला. मूल मात्र शिकतं, बदलतं, काही मुलं खूपच पुढे जातात. औषधं स्वमग्नतेवर नाहीत. स्वतःला मारून घेणं, टोकाची चिडचिड, झोप, फिट्स यांवर आहेत, आणि गरज असेल तेव्हा ती घेण्यात कमीपणा नाही.

स्टेम सेलसाठी दागिने मोडू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानेच २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हे उपचार करू नयेत असं म्हटलं आहे. गहू-दूध बंद करण्याला भक्कम पुरावा नाही. आधीच पाच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे तीन काढून घेतले तर उरतं काय? माती-खडू खात असेल तर मात्र हिमोग्लोबिन बघून घ्या.

दुसरं मूल होऊ द्यावं का?

निर्णय तुमचा. एका मुलाला स्वमग्नता असेल तर पुढच्या भावंडात शक्यता साधारण पाचात एक असते. जनुकीय समुपदेशकाला भेटून मग ठरवा.

शाळा कोणती? आणि दाखल्याचा उपयोग काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यात आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत. प्रत्यक्षात मुख्याध्यापक 'आमच्याकडे सोय नाही' म्हणतात. ते लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा सोय निघते.

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून मिळतं. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ, एसटीत सवलत, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, या सगळ्याला तो लागतो. 'शिक्का बसेल' म्हणून पुष्कळ जण टाळतात. शिक्का तर शेजाऱ्यांनी केव्हाच मारलेला असतो, त्यावर निदान सवलत तरी घ्या.

अठरा वर्षांनंतर सही, बँक, मालमत्ता यांसाठी कायदेशीर पालकत्व लागू शकतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असते.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यायचं?

व्हिडिओ. मूल दवाखान्यात वेगळंच वागतं, म्हणून घरातले चार-पाच न्या: हाक मारताना, जेवताना, एकटं खेळताना, दुसऱ्या मुलांत आणि चिडलेलं असताना. वर्षाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेल तर तोही, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. जन्माच्या वेळची फाईल, लसीकरणाचं कार्ड. कोणता शब्द केव्हा आला आणि कोणता गेला, याची कागदावर यादी, कारण तिथे काही आठवत नाही. बरोबर कोरडा खाऊ, कपड्यांचा एक जोड, आणि तो ज्याच्याशी खेळतो ते, मग ते खेळणं असो नाहीतर डब्याचं झाकण. आम्ही पोळपाट घेऊन गेलो होतो.